ऑनलाइन भूमिकाप्रधान खेळांतील बोलकी वेशसामग्री : एक विवेचन

बीजशब्द : ऑनलाइन खेळ, भूमिकाप्रधान खेळ, वेशसामग्री, आयुधपुरुष, घुसाडी, आभासी मालकी

प्रास्ताविक

यवतमाळ जिल्ह्याच्या झरी-जामणी तालुक्यातील मुकुटबन हे गाव वणीहून आदिलाबादकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर आहे. कापूस, कोळसा आणि अलीकडे सिमेंट यांमुळे ते जिल्ह्यात परिचित असले, तरी प्रस्तुत विषयाच्या संदर्भात त्याचे स्थान वेगळ्या कारणाने लक्षात घेण्यासारखे आहे. हा भाग गोंड आणि कोलाम वस्त्यांचा आहे. तेलंगणाच्या सीमेपलीकडे, आणि अलीकडील गोंड वस्त्यांतही, दिवाळीच्या सुमारास मोरपिसांचा भलामोठा मुकुट चढवलेले घुसाडी नर्तक दंडारीसोबत गावोगाव फिरतात. त्याच टापूतील महाविद्यालयीन युवक वर्गाच्या मागच्या बाकावर बसून मोबाइलच्या पडद्यावरील आपल्या पात्रासाठी मुकुट, चिलखत किंवा पंख विकत घेत असतो. पहिल्या मुकुटाकडे अभ्यासक आदराने पाहतात. दुसऱ्याकडे प्राध्यापकवर्ग बहुधा कपाळाला आठ्या घालून पाहतो, आणि ज्या वस्तूने खेळात बळ वाढत नाही, जी हातात घेता येत नाही, तिच्यासाठी पैसे का मोजावेत, असा प्रश्न विचारतो.

प्रश्न योग्य आहे. परंतु त्याचे उत्तर 'वेड' या एका शब्दात संपत नाही. ऑनलाइन भूमिकाप्रधान खेळांमध्ये नवी वेशसामग्री आणताना तिला स्वतःचे व्यक्तिमत्त्व देण्याचा जो प्रयत्न केला जातो, त्याचे स्वरूप समजावून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. वस्तूला व्यक्तिमत्त्व येते ते तिच्या रंगारूपामुळे नव्हे. धारण करणाऱ्याला जेव्हा तिची मर्जी सांभाळावी लागते, तेव्हा ते येते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बळ आणि शोभा यांची फारकत

भूमिकाप्रधान खेळ म्हणजे असा खेळ, की ज्यात खेळाडू एक पात्र निवडतो, त्याला नाव, कुळ, व्यवसाय देतो आणि त्या पात्राच्या रूपाने एका कल्पित जगात वावरतो. १९७८ मध्ये इंग्लंडमधील इसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोघांनी घडवलेला 'मड' हा या जातीच्या संगणकीय खेळांचा आद्य नमुना मानला जातो. त्यात चित्र नव्हतेच. सर्व काही शब्दांत. तलवार होती ती 'तलवार' या शब्दापुरती. पुढे चित्रमय जगे आली, हजारो खेळाडू एकाच वेळी एका जगात वावरू लागले, आणि आपले पात्र इतरांना कसे दिसते हा प्रश्न प्रथमच महत्त्वाचा ठरला.

सुरुवातीस या खेळांत वेश आणि बळ एकच होते. अधिक संरक्षण देणारे चिलखत अंगावर चढवावेच लागे, मग ते कितीही विजोड दिसो. परिणामी बलाढ्य योद्धे गारुड्याच्या वेशात फिरत: एक बूट निळा, एक हातमोजा हिरवा, डोक्यावर भलतेच शिरस्त्राण. यावर उपाय म्हणून खेळकर्त्यांनी दोन कप्पे केले. एका कप्प्यात बळ देणारी वस्तू, दुसऱ्यात केवळ दिसणारी. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या जगभर गाजलेल्या खेळात ही सोय २०११ च्या अखेरीस आली. आतून पोलादी कवच आणि बाहेरून शेतकऱ्याचा सदरा, असे आता शक्य झाले. शोभेची वेशसामग्री या वर्गाचा पाया या फारकतीत आहे. खेळाडूंच्या बोलीत तिला 'स्किन' किंवा 'आउटफिट' म्हणतात.

फारकत झाली आणि बाजार उभा राहिला. २००६ च्या एप्रिलमध्ये 'ऑब्लिव्हियन' या एकट्याने खेळावयाच्या खेळासाठी घोड्याचे चिलखत अडीच डॉलरना विक्रीस काढले गेले, तेव्हा खेळाडूंनी त्याची यथेच्छ टवाळी केली. त्यानंतर चारच वर्षांनी, २०१० मध्ये, 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये ताऱ्यांनी मढल्यासारखा दिसणारा एक आभासी घोडा पंचवीस डॉलरना विकला गेला आणि तो घेण्यासाठी आंतरजालावर लांबच लांब रांग लागली. 'टीम फोर्ट्रेस टू' या नेमबाजीच्या खेळात २००९ मध्ये टोप्या आल्या. २०११ मध्ये तो खेळ विनामूल्य करण्यात आला आणि विक्री अशा वस्तूंचीच राहिली. भारतीय युवकाला हा व्यवहार कळला तो मुख्यतः 'पबजी मोबाइल' आणि 'फ्री फायर' यांच्याद्वारे. हे दोन्ही खेळ भूमिकाप्रधान नव्हेत, तर शेवटपर्यंत टिकून राहण्याच्या लढाईचे. परंतु वेशसामग्रीची रीत त्यांनी भूमिकाप्रधान खेळांकडूनच उचलली आहे.

येथवरचा इतिहास शोभेचा झाला. बोलक्या वस्तूची कथा याहून जुनी आहे.

बोलणारी तलवार

२००० साली प्रसिद्ध झालेल्या 'बाल्डर्स गेट टू' या खेळात लिलारकोर नावाची एक दोन हातांनी पेलायची तलवार आहे. ती नगराखालच्या गटारात सापडते. सापडल्यापासून ती बडबड करते, बढाया मारते, लढाईसाठी हट्ट धरते आणि गंभीर प्रसंगी नको ते बोलून जाते. शस्त्र म्हणून ती चांगली असली, तरी खेळाडूंच्या स्मरणात ती राहिली ती तिच्या वाचाळपणामुळे. त्या खेळात तिच्याहून सामर्थ्यवान शस्त्रे आहेत. त्यांची नावे मात्र फारशी कोणी घेत नाही.

लिलारकोर हा एकट्याने खेळावयाच्या खेळातील विनोद होता. सहस्रावधी खेळाडूंच्या जगात हीच कल्पना आणली तर काय होते, याचे उदाहरण २०१६ मध्ये मिळाले. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या 'लीजन' या विस्तारात अंधारमार्गी पुरोहितांना झालाटाथ नावाचा एक सुरा दिला गेला. त्याची अनेक बाह्यरूपे खेळाडूला मिळवता येत. परंतु लक्ष वेधले ते त्याच्या आवाजाने. खेळाडू एखाद्या प्रदेशात शिरला, की सुरा त्या जागेविषयी काहीतरी पुटपुटे. एखाद्या पुरातन शत्रूसमोर आला, की त्याच्याशी आपली जुनी ओळख असल्यासारखे बोले. तो धारण करणाऱ्याच्याच कानी लागे. त्याचे बोलणे गोड असे आणि त्यावर विश्वास ठेवावा की नाही हे कळत नसे. पुढे २०१९ मध्ये कथानकात त्या सुऱ्यातील सत्ता मुक्त झाली, आणि २०२४ मध्ये आलेल्या 'द वॉर विदिन' या विस्तारात तीच प्रमुख खलनायिका होऊन उभी राहिली. एका वर्गाच्या पात्रांना दिलेले शस्त्र आठ वर्षांनी संपूर्ण खेळाच्या कथेचे केंद्र झाले. आपल्या कमरेला असलेली वस्तू आपल्याविरुद्ध उभी राहिली, हा अनुभव पुरोहित पात्र खेळणाऱ्यांना इतरांहून वेगळ्या रीतीने जाणवला असेल, हे सहज समजण्यासारखे आहे.

दक्षिण कोरियातील 'माबिनोगी' या २००४ च्या ऑनलाइन खेळात तिसराच मार्ग दिसतो. तेथे शस्त्रात एक आत्मा वसवता येतो. त्याच्याशी संभाषण करावे लागते, त्याच्या आवडीच्या वस्तू त्याला खाऊ घालाव्या लागतात आणि त्यानुसार तो वाढतो. लिलारकोर नुसती बोलते, झालाटाथ बोलते आणि आठवण ठेवते, तर माबिनोगीतील शस्त्राला काही द्यावे लागते. व्यक्तिमत्त्वाच्या या तीन पायऱ्या मानता येतील, आणि प्रत्येक पायरीवर धारकावरील बंधन वाढत जाते.

आयुधपुरुष आणि 'दूतवाक्य'

वस्तूला व्यक्ती मानण्याची ही दृष्टी भारतीय परंपरेला मुळीच नवी नाही. मूर्तिशास्त्रात 'आयुधपुरुष' ही सुप्रतिष्ठित संज्ञा आहे. विष्णूच्या हातातील गदा आणि चक्र यांना स्वतंत्र मानवी देह देऊन देवाच्या दोन्ही बाजूंस उभे करण्याची रीत गुप्तकालीन शिल्पांत दिसते. विदिशेजवळील उदयगिरी येथील सहाव्या क्रमांकाच्या गुंफेत, जेथील लेख गुप्त संवत ८२ म्हणजे इ. स. ४०१-०२ मधील आहे, अशा मूर्ती पाहावयास मिळतात. मराठी वाचकाला विशेष रुचेल अशी गोष्ट ही, की या देहांचे लिंग बहुधा शब्दाच्या लिंगावर ठरते. गदा स्त्रीलिंगी, म्हणून ती गदादेवी. व्याकरणाने मूर्तिकाराच्या छिन्नीला दिशा दिली!

नाटकात तर याहून पुढचे पाऊल पडलेले आहे. टी. गणपतिशास्त्री यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी उजेडात आणलेल्या आणि भासाच्या नावे प्रसिद्ध असलेल्या नाटकांपैकी 'दूतवाक्य' या एकांकी नाटकात दुर्योधन श्रीकृष्णाला बांधू पाहतो, तेव्हा सुदर्शन चक्र पात्ररूपाने रंगभूमीवर येते. पाठोपाठ शार्ङ्ग धनुष्य, कौमोदकी गदा, पांचजन्य शंख आणि नंदक खड्ग यांचेही आगमन होते. आणि कृष्णाचा राग शमला असल्याने सुदर्शन त्यांना परत जाण्यास सांगते. त्या प्रसंगात एकही घाव पडत नाही. लढाईच्या हिशेबात ही आयुधे तेथे निरुपयोगीच ठरतात, तरी प्रसंगाचे सारे तेज त्यांच्या येण्यात आहे. आजच्या खेळकर्त्याच्या भाषेत बोलायचे, तर बळाच्या रकान्यात शून्य आणि व्यक्तिमत्त्वाच्या रकान्यात पुरेपूर.

खंडेनवमीला अवजारांची पूजा करणाऱ्या समाजाला हे समजावून सांगण्याची फारशी गरज नसावी. शिवछत्रपतींच्या तलवारीचे 'भवानी' हे नाव ज्या आत्मीयतेने घेतले जाते, ते पोलादाच्या प्रतीविषयी नसते.

घुसाडीचा मुकुट

या संदर्भात मुकुटबनच्या शेजारचे उदाहरण अधिक बारकाईने पाहण्यासारखे आहे. दंडारी हा राजगोंडांचा दिवाळीच्या काळातील उत्सव. एका गावातील नर्तक आणि वादक दुसऱ्या गावी पाहुणे म्हणून जातात, तेथे नाचतात, जेवतात, सोयरिकीच्या गोष्टी निघतात. या मेळ्यातील घुसाडी नर्तकाचा थाट पाहताक्षणी ओळखू येतो: मोरपिसांचा उंच, रुंद मुकुट, त्यावर कधी शिंगे, लावलेली दाढी-मिशी, खांद्यावरून सोडलेले कातडे, राखेने माखलेले अंग आणि हातात दंडा. ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात आदिलाबादच्या मारलवाई गावी राहून या समाजाचा अभ्यास केला. त्यांचा राजगोंडांवरील ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच मारलवाईचे घुसाडी नृत्यगुरू कनक राजू यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

हा मुकुट म्हणजे निव्वळ वेश नव्हे. तो चढवण्यापूर्वी त्याची पूजा होते. चढवल्यावर माणूस नेहमीचा राहत नाही. त्याच्या ठायी देवाचा वास मानला जातो. दंडारीच्या दिवसांत घुसाडी स्नान वर्ज्य मानतो आणि व्रतस्थ राहतो. एरवी शक्य नसलेली थट्टा, दटावणी, खोटा आवेश यांची त्याला मुभा असते. उत्सव संपला, की साज विधिपूर्वक उतरवला जातो आणि माणूस पुन्हा शेतकरी होतो.

येथे तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत. मुकुट धारकाकडून काही मागतो (व्रत). मुकुट धारकाला काही देतो (मुभा). आणि मुकुटाचा काळ ठरलेला असतो. तो बारा महिने डोक्यावर राहत नाही. ऑनलाइन खेळांतील बहुतेक वेशसामग्रीत यांपैकी पहिली आणि तिसरी गोष्ट आढळत नाही. खेळाडू पैसे भरतो, वस्तू मिळते, ती त्याच्याकडून काहीच मागत नाही, आणि कदाचित म्हणूनच पंधरा दिवसांत तिचा कंटाळा येतो. हा दोष चित्रकाराचा नाही. चित्रे बहुधा अप्रतिम असतात.

नवी वस्तू कशी आणावी : फेट्याचे उदाहरण

आता प्रत्यक्ष रचनेकडे वळू. समजा, एखाद्या ऑनलाइन भूमिकाप्रधान खेळात महाराष्ट्रीय फेटा ही नवी शोभेची वस्तू आणावयाची आहे आणि तिला व्यक्तिमत्त्व द्यावयाचे आहे. प्रचलित पद्धतीत काम चित्रापासून सुरू होते. आधी बाह्याकृतीची रेखाटने होतात, कारण लहान पडद्यावर दुरून वस्तू ओळखू यावी लागते. मग त्रिमितीय घडण, पोत व रंग. मग ती पात्राच्या सांगाड्याला जोडणे, जेणेकरून मान वळली की फेटाही वळेल. लांब केस, शिंगे वा मोठे कान असलेल्या पात्रांच्या डोक्यात फेटा घुसतो की काय, हे तपासण्यात बराच वेळ जातो. हे सारे आवश्यक असले, तरी यातून फेट्याला व्यक्तिमत्त्व येत नाही. पाचशे वस्तूंत पाचशे एकावी वस्तू येते, इतकेच.

व्यक्तिमत्त्वासाठी आधी स्वभाव ठरवावा लागतो. हा फेटा कोणाचा होता? समजा, तो लग्नकार्यात मानापानासाठी प्रसिद्ध असलेल्या एखाद्या वडीलधाऱ्याचा होता. मग त्याचा स्वभाव आपोआप ठरतो: मान मिळाला की खुलणे, आणि न मिळाला की रुसणे. रुसवा ही मराठी लग्नाने जगाला दिलेली एक परिपूर्ण नाट्यकल्पना आहे. तिचा उपयोग खेळांनी अद्याप का केला नाही, याचे आश्चर्य वाटते. धारक लढाईतून पळाला, की फेट्याचा तुरा खाली पडतो आणि रंग फिकटतो. धारकाने वडीलधाऱ्या पात्रापुढे मान लववली, की तुरा पुन्हा ताठ. फेटा काढून जमिनीवर टाकला, तर पुढचे काही तास तो बोलत नाही. यांपैकी कशानेही लढण्याची ताकद तिळभर वाढत किंवा घटत नाही. शोभेची वस्तू शोभेचीच राहते, तरी खेळाडूला तिची मर्जी सांभाळावी लागते.

यानंतर बोलण्याचा प्रश्न. अशा वस्तूंसाठी प्रसंगांची यादी करून प्रत्येक प्रसंगास अनेक वाक्ये लिहावी लागतात. एकच वाक्य दहाव्यांदा ऐकू आले, की लाडकी वस्तू नकोशी होते. म्हणून दोन बोलण्यांत किमान अंतर ठेवणे, ऐकवलेले वाक्य लवकर पुन्हा न ऐकवणे आणि काही वाक्ये अत्यंत दुर्मीळ प्रसंगांसाठी राखून ठेवणे, हे नियम पाळावे लागतात. मौन हेही लेखनच आहे. झालाटाथचा प्रभाव पडला, त्यामागे ती सतत बोलत नाही हे कारण मोठे आहे. शिवाय, बोलणे कोणाला ऐकू यावे? बाजारपेठेच्या चौकात दोनशे खेळाडूंचे दोनशे फेटे एकाच वेळी ओरडू लागले तर काय होईल, याची कल्पना करावी. म्हणून आवाज धारकापुरता आणि हालचाल सर्वांना दिसेल, अशी वाटणी सोयीची ठरते. आवाज बंद करण्याची कळ तर द्यावीच लागते. मात्र ती दाबल्यावर फेट्याने काय करावे, हेही ठरवलेले बरे.

भाषेचा मुद्दा सर्वांत नाजूक आहे. इंग्रजीत लिहिलेली वाक्ये प्रमाण मराठीत उतरवली, तर व्यक्तिमत्त्व जागच्या जागी मरते. पळणाऱ्या धारकाला 'तू का पलायन करीत आहेस?' असे विचारणारा फेटा हास्यास्पद होतो. वणी-मुकुटबनकडील म्हातारा 'काऊन पळून रायला बे?' असे म्हणेल, आणि या चार शब्दांत त्याचे वय, गाव, जिव्हाळा आणि तुच्छता सारे येऊन जाते. बोली ही व्यक्तिमत्त्वाची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित सामग्री आहे. मराठी विभागांतून शिकून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांना ज्या मोजक्या नव्या व्यवसायांत बोलीचे ज्ञान थेट उपयोगी पडू शकते, त्यांत या लेखनाची गणना करता येईल.

महाराष्ट्रात हे काम करू शकणारे हात आहेत. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० मध्ये 'राजी : अॅन एन्शंट एपिक' हा खेळ प्रसिद्ध केला. तो ऑनलाइन नाही, परंतु दुर्गा व विष्णू यांच्या संवादातून कथा सांगण्याची त्यातील रीत लक्षणीय आहे. पुण्याच्याच सुपरगेमिंगने २०२४ मध्ये 'इंडस' हा भारतीय कल्पनाविश्वावर आधारलेला ऑनलाइन लढाईचा खेळ आणला. रूप भारतीय करण्याची पायरी अशा प्रकारे ओलांडली गेली आहे. स्वभाव भारतीय करण्याची पायरी अद्याप पुढे आहे.

'केवळ शोभा' या शब्दप्रयोगाविषयी

वेशसामग्री विकणाऱ्यांचा नेहमीचा दावा असा, की ती केवळ शोभेची असल्याने तिचा खेळावर परिणाम होत नाही. पैसे न भरणाऱ्यावर अन्याय होत नाही, या मर्यादित अर्थाने तो दावा बरोबर आहे. मात्र खेळाडूवर परिणाम होत नाही, असा त्याचा अर्थ घेतल्यास तो टिकत नाही. निक यी आणि जेरेमी बेलेन्सन या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आभासी जगात ज्यांना अधिक आकर्षक रूप दिले गेले ते समोरच्याच्या अधिक जवळ गेले आणि स्वतःविषयी अधिक मोकळेपणाने बोलले, तर ज्यांना उंच रूप दिले गेले त्यांनी पैशाच्या वाटणीत अधिक ताठरपणा दाखवला, असे आढळले. रूपे स्वतः निवडलेली नव्हती, संशोधकांनी दिलेली होती. तरीही वागणे बदलले. या परिणामाला त्यांनी रूपे पालटणाऱ्या ग्रीक देवतेवरून 'प्रोटियस परिणाम' असे नाव दिले. घुसाडीच्या गावाला हे सांगण्यासाठी प्रयोगशाळेची आवश्यकता नव्हती.

म्हणूनच प्राध्यापकाचा 'यात काय मिळते?' हा प्रश्न आणि विक्रेत्याचे 'हे तर फक्त दिसण्यापुरते' हे उत्तर, दोन्ही एकाच गैरसमजावर उभी आहेत. दिसणे हे लहान काम नाही. ज्या विद्यार्थ्याला वर्गात कोणी विचारत नाही, तो खेळातील टोळीत त्याच्या पात्राच्या थाटामुळे ओळखला जातो. त्या ओळखीची किंमत तो देत असतो. ती किंमत घरच्या परिस्थितीला झेपणारी आहे का, हा वेगळा आणि खरा प्रश्न आहे. तो विचारण्यासाठी आधी वस्तूचे मोल समजून घ्यावे लागते; टिंगल करणाऱ्या शिक्षकाशी विद्यार्थी त्याविषयी बोलत नाही.

येथे सोडतपेटीचाही उल्लेख करावयास हवा. अनेक खेळांत हवी ती वस्तू थेट विकत मिळत नाही. पैसे भरून बंद पेटी उघडावी लागते आणि आत काय निघेल हे दैवावर असते. बेल्जियमच्या जुगार नियामक मंडळाने २०१८ मध्ये अशा काही पेट्या जुगाराच्या व्याख्येत बसतात असे ठरवले. भारतात संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये संमत केलेल्या ऑनलाइन खेळविषयक कायद्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीचे सामाजिक खेळ यांना त्यात स्वतंत्र स्थान दिले आहे. शोभेच्या वस्तूची सरळ खरेदी ही पैज नव्हे, हे उघड आहे. परंतु व्यक्तिमत्त्व असलेली वस्तू बंद पेटीत घालून विकणे हे साध्या वस्तूपेक्षा अधिक ओढ लावणारे आहे, याकडे दुर्लक्ष करता येत नाही. जिच्याशी बोलता येते तिच्यासाठी माणूस पुनःपुन्हा पेटी उघडतो. वस्तूला स्वभाव देणाऱ्याने तिची विक्री तरी सरळ ठेवावी.

उतरवलेला साज

शेवटचा मुद्दा मालकीचा. खेळाडू ज्याला 'माझा मुकुट' म्हणतो, तो कराराच्या भाषेत बहुधा त्याचा नसतो. त्याला फक्त वापरण्याची परवानगी असते. भारत सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी 'पबजी मोबाइल'वर बंदी घातली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरअखेर त्याची भारतातील सेवा थांबली, तेव्हा खेळाडूंची विकत घेतलेली वेशसामग्री एका दिवसात नाहीशी झाली. २०२१ मध्ये त्याच खेळाची भारतीय आवृत्ती आली आणि जुनी सामग्री नव्या खात्यात आणण्याची सोय झाली, म्हणून अनेकांचे नुकसान टळले. सर्वांच्या वाट्याला असे येत नाही. 'सिटी ऑफ हीरोज' हा २००४ मध्ये सुरू झालेला ऑनलाइन भूमिकाप्रधान खेळ पात्राचा वेश हवा तसा घडवण्याच्या सोयीसाठीच नावाजलेला होता. ३० नोव्हेंबर २०१२ रोजी त्याची अधिकृत सेवा बंद करण्यात आली, त्या रात्री अनेक खेळाडू आपापल्या वेशात पात्रांना घेऊन एकत्र जमले आणि पडदा काळा होईपर्यंत उभे राहिले.

घुसाडीचा मुकुटही उतरवावा लागतो, परंतु तो उतरवण्याचा विधी आहे आणि पुढच्या दिवाळीचे आश्वासन आहे. बोलकी वेशसामग्री आणणाऱ्या खेळकर्त्यांनी वस्तूच्या आगमनाचा जितका विचार केला आहे, तितका तिच्या निरोपाचा केलेला दिसत नाही. खेळ बंद होताना झालाटाथसारख्या वस्तूने काय बोलावे? फेट्याने कोणाच्या स्वाधीन व्हावे? ही वाक्ये लिहिलेलीच नसतात.

याच ठिकाणी आणखी एक अडचण उभी राहते. उद्या एखाद्या खेळात घुसाडीचा मुकुट विक्रीस आला, तर तो केवळ मोरपिसांचा देखणा साज असेल की व्रतासह येईल? व्रत वगळले तर तो पोकळ होतो. व्रत घेतले तर गोंड समाजाच्या पूजेतील वस्तू पैसे भरून कोणालाही चढवता येते. 'स्माइट' या अमेरिकन खेळात देवी कालीचे जे रूप दाखवले गेले, त्यावर २०१२ मध्ये आक्षेप घेतले गेले होते. तेथे निदान देवी सर्वपरिचित होती आणि आक्षेप घेणारे आवाज ऐकले जाण्याइतके मोठे होते. मारलवाईचा किंवा झरी-जामणीच्या एखाद्या पोडावरचा आवाज पुण्यातील वा सोलमधील रचनाकाराच्या मेजापर्यंत पोहोचण्याची आज कोणतीही ठरलेली वाट नाही. ज्यांच्या दिवाळीत हा मुकुट उतरतो आणि पुन्हा चढतो, त्यांना विचारूनच त्याचा स्वभाव लिहावा लागेल. आणि नाही म्हणण्याचा अधिकारही त्यांचाच राहील.